दिवंगत नानांचा उच्चांक

खोटे वजन, खोटे माप आणि खोटा माणूस या तीन गोष्टी आपल्या नजरेतून आजवर सुटलेल्या नाहीत, असे इन्स्पेक्टरसाहेब स्वतःविषयी सांगत. सांगताना ते उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जवळ आणून मध्ये एक अदृश्य चिमूट धरीत आणि तिच्याकडे डोळे बारीक करून पाहत. जणू समोरच्या माणसाचा आत्मा त्यांनी नुकताच तोलून बाजूला ठेवला आहे. स्वतःचे वर्णन करताना ते ‘उंचापुरा’ हा शब्द वापरत, कारण ते वर्णन बसून करीत. आपली बुद्धी पात्यासारखी, स्मरणशक्ती तिजोरीसारखी आणि नजर बहिरी ससाण्यासारखी आहे, असे म्हणत ते चहाचा कप बशीच्या शेजारी, रिकाम्या हवेत ठेवीत. सहा कप असे गेल्यावर वृद्धनिवासाने त्यांना स्टीलचा पेला दिला.

ते खरोखरच इन्स्पेक्टर होते, याविषयी कुणी शंका घेऊ नये. फक्त ते पोलीस खात्यातले नव्हते, वजनमापे खात्यातले होते. उभी हयात त्यांनी बाजारातल्या तराजूंची पारडी उलटी करून पाहण्यात घालवली होती, आणि ऐन उमेदीच्या वर्षांत एकदाच एका पारड्याखाली चिकटवलेला लोहचुंबक त्यांना सापडला होता. त्या चुंबकाने त्यांचे पुढचे सारे आयुष्य स्वतःकडे ओढून धरले. जगातल्या प्रत्येक गूढाच्या तळाशी कुठे ना कुठे एक लोहचुंबक असतो, अशी त्यांची श्रद्धा होती. भाजी खारट झाली तरी ते ताट उलटे करून पाहत.

मी या वृद्धनिवासात व्यायामोपचार करतो. अडलेले गुडघे, रुसलेले खांदे, मिटून गेलेली बोटे हलती ठेवणे हे माझे काम. माणसांशी बोलण्यापेक्षा त्यांच्या सांध्यांशी बोलणे मला सोपे जाते. सांधे उलट प्रश्न विचारीत नाहीत, फार तर करकरतात. इन्स्पेक्टरसाहेबांना साहाय्यक हवा होता आणि मला नाही म्हणता येत नव्हते. आमची भागीदारी एवढ्यावरच उभी होती.

प्रकरणाकडे वळण्यापूर्वी खेळाविषयी सांगितले पाहिजे. निवासाच्या मोठ्या हॉलमधल्या टीव्हीला एक यंत्र जोडलेले आहे. हातात पांढरा रिमोट घ्यायचा, त्याची दोरी मनगटात अडकवायची, बटण दाबून हात मागे न्यायचा आणि पुढे झोकताना बटण सोडायचे. पडद्यावरचा आपला बाहुला तसाच हात झोकतो, गोळा घरंगळत जातो आणि टोकाला उभ्या असलेल्या दहा खुंट्या कोसळतात. खुंट्यांना आमच्याकडे सगळे बाटल्या म्हणतात. जे खांदे माझ्या विनवण्यांना दाद देत नव्हते ते या बाटल्यांसाठी कानापर्यंत जाऊ लागले. दुपारची झोप आटोपली की हॉल भरे. कुणी उभे राहून खेळे, कुणी खुर्चीत बसून, कुणी वॉकरला एका हाताने धरून. आणि दहाच्या दहा बाटल्या पडल्या की अशी आरोळी उठे, की जिच्यापुढे माझ्या साऱ्या पदव्या मुकाट्याने भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत.

सराईत खेळाडू चौघे. पैकी दोघे आजारपणामुळे आणि जावयामुळे अधूनमधून गैरहजर असत, म्हणून त्यांच्याविषयी लिहीत नाही. उरलेले दोघे म्हणजे टेलरमास्तर, ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे खांदे मोजले आणि म्हातारपणी स्वतःचे वापरायला काढले, आणि इन्स्पेक्टरसाहेबांच्या पत्नी, ज्यांना सगळे काकू म्हणत. काकू निवासाच्या विजेत्या होत्या. साहेब स्वतः खेळत नसत. पडद्यावरच्या गोळ्याला वजन नसते, आणि ज्याला वजन नाही त्याला हात लावणे आपल्या पदाला शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन निरीक्षण करीत.

आणि एक नाना होते. नाना हॉलला लागून असलेल्या आठ नंबरच्या खोलीत राहत. यंत्राबरोबर आलेल्या रिमोटपैकी एक त्यांनी कायमचा आपलासा केला होता. खेळ संपला की तो मनगटात लटकवूनच ते खोलीत जात. हिवाळ्यात एका सकाळी ते उठले नाहीत. त्यांचा मुलगा आला, सामान घेऊन गेला. रिमोटही त्यातच गेला असावा असे सगळ्यांनी धरले. मागे राहिला तो त्यांचा बाहुला: टक्कल, गोल चष्मा, ओठांवर झुपकेदार मिशी. खेळातून तो काढून टाकणे मला येत होते, पण हात धजत नव्हता. प्रत्येक फेरीत शेवटचा डाव नानांचा येई. बाहुला गोळा हातात घेऊन, मान किंचित डोलवीत उभा राही, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखा. मी क्षणभर थांबे आणि दुसऱ्या रिमोटने त्यांचा डाव पुढे ढकलून देई.

एका सोमवारी तो ढकलण्यापूर्वीच बाहुल्याने हात झोकला.

दहाच्या दहा बाटल्या पडल्या. हॉलमध्ये कुणाच्याही हातात जास्तीचा रिमोट नव्हता. मग टेलरमास्तर पडद्याकडे पाहत, दुखावलेल्या आवाजात म्हणाले, “नाना, येणार होता तर कळवायचं तरी.”

त्यानंतर जी आरोळी उठली तशी त्या हॉलने पूर्वी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून नानांचा डाव आला की कुणी मला तो पुढे ढकलू देईना. सारा हॉल श्वास धरून बसे. कधी बाहुला लगेच खेळे, कधी बराच वेळ डोलत उभा राही. वाट पाहण्याची कुणाची तक्रार नसे, कारण त्या वयात वाट पाहण्याचा सराव सर्वांनाच असतो. पुढच्या रांगेतली एक खुर्ची नानांसाठी रिकामी ठेवली जाऊ लागली. एक आजी त्यांना रोजच्या बातम्या सांगत. आणि नाना असे खेळत होते, की हयातीत कधी खेळले नव्हते. गुरुवारी त्यांनी काकूंचा उच्चांक मोडला. रात्रीच्या जेवणात काकूंनी भात परत पाठवला.

“मेलेला माणूस खेळतो यात मला नवल नाही,” असे त्या नंतर माझ्याजवळ म्हणाल्या. “पण मला हरवतो?”

पत्नीच्या मानाचा प्रश्न आल्यामुळे साहेबांनी प्रकरण हाती घेतले, असे कुणाला वाटेल. त्यांनी ते सोमवारीच घेतले होते.

त्यांचा पहिला संशय टेलरमास्तरांवर गेला, कारण टेलरमास्तर पूर्ण बाह्यांचा सदरा घालत आणि बाहीत लोहचुंबक मावतो. सर्वांदेखत बाह्या दुमडून घेण्यात आल्या. डाव्या बाहीत रुमाल निघाला, उजव्या बाहीत टेलरमास्तरांचा दंड, आणि नानांनी त्याच वेळी नऊ बाटल्या पाडल्या. दुसरा संशय नानांच्या मुलावर गेला: तो शोकाने व्याकूळ होऊन दूरच्या गावातून बापाच्या रिमोटने खेळत असणार. साहेबांनी त्याला फोन करून, त्याच्या दुःखाबद्दल सहानुभूती व्यक्त करून, गुन्हा कबूल करण्यास सांगितले. मुलाने आपण फक्त घड्याळ आणि चपला नेल्याचे सांगितले व पुन्हा फोन न करण्याची विनंती केली. तिसरा तर्क असा, की नाना मेलेच नाहीत. त्यांना अखेरचा निरोप द्यायला आपण सगळेच गेलो होतो, साहेबांनी तर भाषणही केले होते, याची मी आठवण दिली. साहेबांनी बराच विचार करून हा तर्क मागे घेतला, पण भाषण चांगले झाले होते एवढे मान्य करून घेतले.

मग त्यांनी शास्त्राचा आधार घेतला. कुणीतरी लपून एक जास्तीचा डाव खेळत आहे. जो जास्त खेळतो त्याला जास्त घाम येतो. ज्याला जास्त घाम येतो त्याचे वजन घटते. अर्थात खेळापूर्वी आणि खेळानंतर सर्वांना तोलले की गुन्हेगार काट्यावर उभा राहून स्वतःच कबुली देईल. हा युक्तिवाद त्यांनी मला ऐकवला तेव्हा त्यांचा चेहरा इतका निष्पाप आणि उजळ दिसत होता, की मला आक्षेप घेववला नाही. निवृत्तीच्या वेळी खात्याने भेट दिलेला, सरकारी शिक्का मारलेला वजनकाटा हॉलच्या दाराशी मांडण्यात आला. सर्वांना आत जाताना तोलले, बाहेर येताना तोलले. वॉकर कुणाच्या वजनात धरायचा यावरून थोडा वाद झाला. अखेरीस साऱ्या हॉलमध्ये एकाच माणसाचे वजन बदललेले आढळले. ते अर्ध्या किलोने वाढले होते, आणि तो माणूस स्वतः साहेब होता. त्यांनी काटा उलटा करून खाली लोहचुंबक आहे का ते पाहिले. मी बिस्किटांचा रिकामा डबा हळूच खुर्चीमागे सरकवला.

हे सारे हसण्यावारी नेता आले असते. पण त्याच दिवसांत, त्याच भिंतीच्या पलीकडे, दुसरे काही घडत होते, आणि मी रोज सकाळी ते पाहत होतो.

नानांच्या आठ नंबरच्या खोलीत नुकत्याच एक आजी राहायला आल्या होत्या. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या. सारे तारुण्य त्यांनी कानाला यंत्र लावून अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून देण्यात घालवले होते. आता डोळ्यांपुढे मोतीबिंदूचे धुके होते, उजवा खांदा आखडलेला होता. हॉलमध्ये त्या येत नसत. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात, मधे जाऊन कुठे बसायचे, असे त्या म्हणत. आणि हे मला इतके समजत होते, की मी आग्रह केला नाही.

त्यांची तक्रार एकच होती. चहा हवा असो की खिडकी लावून घ्यायची असो, त्या बेल वाजवतात आणि कुणी येत नाही.

सिस्टरने, म्हणजे निवासाच्या मुख्य परिचारिकेने, खोलीत जाऊन पलंगाच्या डोक्यामागे लोंबणारी बेल दाबून दाखवली होती. तिच्या टेबलावर दिवा लागला, घंटा वाजली. मीही दाबून पाहिली, तेव्हाही वाजली. आजी ऐकून घेत आणि पुन्हा म्हणत, मी वाजवते तेव्हा कुणी येत नाही. मग एक दिवस त्यांनी सिस्टरला उरलेली हकीकत सांगितली, आणि ती सांगायला नको होती. दुपारी भिंतीतून गलका येतो. तो थांबवा म्हणून त्या बेल वाजवतात. आणि बेल वाजवली, की भिंतीतली माणसे आणखी मोठ्याने ओरडतात. कधी कधी टाळ्या वाजवतात.

सिस्टर कठोर नाही. तिने ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घातली, एवढेच. डॉक्टरांनी सांगितले, की शनिवारी येऊन पाहतो आणि वरच्या मजल्यावर हलवू. वरचा मजला विस्मरण झालेल्यांचा आहे. स्वच्छ आहे, तिथली माणसे प्रेमळ आहेत, आणि तिथले दार बाहेरून बंद असते.

शुक्रवारी सकाळी मी त्यांचा खांदा चोळत होतो. नवल म्हणजे तो खांदा आठवडाभरात सुधारला होता. जो हात कानाच्या खाली अडे तो आता डोक्यावरून मागे जात होता. हे माझ्या बोटांचे यश आहे असे मला वाटत होते, आणि मी मनातल्या मनात थोडा खूश होतो.

“वर दाराला कडी असते ना रे?” आजींनी विचारले.

कडी नाही, आकड्यांचे कुलूप असते, असे मी सांगितले. हे उत्तर देऊन मी काय साधले, मला ठाऊक नाही.

“आमच्या वेळी तीन घंटांत फोन उचलला नाही तर मेमो मिळायचा,” त्या म्हणाल्या. “मी कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाही. मी खोटं बोलत नाहीये, बाळा.”

मी तडक साहेबांकडे गेलो आणि आठ नंबरच्या बेलचे प्रकरण हाती घेण्याची विनंती केली. साहेबांनी चिमूट वर धरली. एकीकडे मृतात्म्याचे बाटल्या पाडणे आणि दुसरीकडे एक बेल. दोन्ही तोलून त्यांनी बेल किरकोळ ठरवली. मात्र खोली नानांची होती, तेव्हा साक्षीदार म्हणून बाईंची जबानी घेण्यास त्यांनी होकार दिला. मला खेळाजवळून हलता येत नसल्यामुळे त्या दुपारी ते एकटेच गेले.

परतले ते विजयी मुद्रेने. बाईंनी त्यांना कोण म्हणून विचारले. त्यांनी स्वतःचे वर्णन सुरू केले. ते पात्यासारख्या बुद्धीपर्यंत पोहोचले असताना बाईंनी त्यांच्या देखत बेल वाजवली, बहुधा त्यांना बाहेर काढण्यासाठी. कुणीही आले नाही. आणि नेमक्या त्याच क्षणी हॉलमधून आरोळी उठली.

“समजलं का तुला?” साहेब मला म्हणाले. “नाना खेळले त्या क्षणी त्या बाई माझ्या नजरेसमोर होत्या. मी स्वतः साक्षीदार आहे. या बाईंना मी संशयितांच्या यादीतून कायमचं वगळतो.”

त्या यादीत त्या मुळात नव्हत्या. पण माझे लक्ष दुसरीकडे गेले होते. आजींनी बेल वाजवली आणि कुणी आले नाही, हे साहेबांनी डोळ्यांनी पाहिले होते. याचा अर्थ आजी म्हणतात ते खरे होते. मी साहेबांना जवळजवळ ओढतच सिस्टरकडे नेले. साहेबांनी भारदस्त आवाजात साक्ष दिली: बेल वाजली, कुणी आले नाही, भिंतीपलीकडून आरोळी आली. सिस्टरने शांतपणे ऐकले. दुपारभर ती टेबलापाशीच होती. दिवा लागला नव्हता, घंटा वाजली नव्हती. तिने साहेबांकडे मोठ्या मायेने पाहिले, त्यांना पाणी दिले, आणि शनिवारी डॉक्टर येतील तेव्हा जाता जाता यांनाही पाहून घ्या, असे सांगण्यासाठी फोन उचलला.

साहेबांनी साक्ष तत्काळ मागे घेतली. आपण त्या वेळी आठ नंबरच्या खोलीत नव्हतोच, असले तरी बेलकडे पाहत नव्हतो, आणि आरोळी ही पोटातली असू शकते, असे त्यांनी एका दमात सांगितले. सिस्टरने मान हलवली आणि फोनवर म्हणाली, की हो डॉक्टर, आजच थोडे वाढलेले दिसते.

त्या संध्याकाळी साहेब व्हरांड्यात एकटे बसले होते. मी शेजारी बसलो. आपली बुद्धी शाबूत आहे हे सिद्ध करण्याचा एकच मार्ग उरला आहे, असे ते म्हणाले: डॉक्टरांसमोर नानांचे रहस्य उलगडणे. गुन्हेगार कोण ते त्यांना कळले होते. नाव सांगायला मात्र ते तयार नव्हते. माझ्याकडे त्यांनी असे काही पाहिले, की मला त्यांची कीव आली. ती नजर संशयाची होती, हे मला दुसऱ्या दिवशी समजले.

शनिवारी दुपारी आठ नंबरच्या दाराशी चाकांची खुर्ची येऊन उभी राहिली. आजींची बॅग भरून झाली होती. ती उचलायला कुणीतरी ओळखीचे असावे, म्हणून हॉलमधले यंत्र टेलरमास्तरांवर सोपवून मी आत गेलो. आजी पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या, नीट विंचरलेल्या केसांनी, पायांत चपला घालून, आगगाडीची वाट पाहणाऱ्या माणसासारख्या. भिंतीपलीकडे खेळ सुरू झाला होता आणि गलका वाढत होता.

काकू निरोप घ्यायला आल्या. त्यांची आणि आजींची ओळख नव्हती. पण कुणी निरोप न घेता माणूस वरच्या मजल्यावर जाऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आजींना काय करावे सुचेना. खोलीतला हा त्यांचा पहिला पाहुणा.

“बसा,” त्या म्हणाल्या. “चहा सांगते. येणार नाही, पण सांगते.”

त्यांनी उशीच्या अभ्र्यात हात घातला. हरवू नये म्हणून त्या ती वस्तू तिथे ठेवीत. मग मनगटात दोरी अडकवून, बटण दाबून, इतक्या दिवसांच्या न आलेल्या चहाचा सगळा राग खांद्यात गोळा करून त्यांनी हात झोकला.

भिंतीपलीकडे आरोळी उठली आणि अर्ध्यातच हळहळीत विरघळली.

“बघा,” आजी म्हणाल्या. “ओरडले.”

टेलरमास्तरांचा आवाज भिंतीतून स्पष्ट आला: “आठ पडल्या. नाना, दोन राहिल्या हो.”

मी हातात बॅग घेऊन उभा होतो. ती मी खाली ठेवल्याचे मला आठवत नाही. काकूंनी आजींच्या हाताकडे पाहिले. तसा रिमोट त्या रोज दुपारी हातात धरीत. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग उजेड आला, आणि मग दोन्ही मिळून जे काही होते ते आले.

“ताई,” काकू अगदी हळू म्हणाल्या, “दोन चहा सांगा.”

आजींनी दोन चहा सांगितले. उरलेल्या दोन बाटल्या पडल्या असाव्यात, कारण भिंत हादरली.

काकू माझ्याकडे वळल्या. “जा, तुझ्या साहेबांना म्हणावं, तुमचा लोहचुंबक उशीत सापडला.”

हॉलमध्ये त्या वेळी जे चालले होते ते मला नंतर टेलरमास्तरांनी सांगितले. साहेब डॉक्टर आणि सिस्टर यांच्यासमोर उभे राहून प्रकरणाचा समारोप करीत होते. मृत माणूस खेळत नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच मान्य केले. मग यंत्राशी सदैव कोण असतो, वायर कोण जोडतो, गरीब चेहरा करून कोपऱ्यात कोण उभा असतो, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक टाकले. अपराधी दुसरा कुणी नसून आपलाच साहाय्यक आहे, असे म्हणत त्यांनी माझ्या नेहमीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. कोपरा रिकामा होता, आणि पडद्यावर नानांनी आठ बाटल्या पाडल्या. साहेब म्हणाले, की पाहा, गुन्हेगार फरारी झाला आहे. डॉक्टरांनी खिशातून पेन काढले.

तेवढ्यात मी फरारी अवस्थेत चाकांची खुर्ची ढकलत हॉलमध्ये शिरलो. खुर्चीत आजी होत्या, मनगटात रिमोट, आणि मागून काकू.

उलगडा सांगायला अर्धे मिनिटही लागले नाही. नानांनी रिमोट आपल्या पलंगाच्या उशाशी दोरीने अडकवून ठेवला होता. नव्या आजींना सांगितले गेले, की उशाशी बेल आहे, काही लागले तर दाबा. त्यांनी उशाशी चाचपले. हाताला बटण लागले; नुसते दाबून कुणी येईना, तेव्हा त्या ते रागाने झोकून वाजवू लागल्या. खरी बेल पलंगाच्या मागे खाली लोंबत होती, जिथे सिस्टरचा हात पोहोचे, माझा पोहोचे, आजींचा पोहोचत नसे. आम्ही सगळ्यांनी त्यांना बेल वाजवून दाखवली होती. त्यांना वाजवायला कुणी सांगितले नव्हते.

डॉक्टरांनी रिमोट हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि जरा संकोचून विचारले, की याला बेल का समजलात.

“दोरी आहे, बटण आहे, उशाशी होतं,” आजी म्हणाल्या. “तुम्ही काय समजला असता?”

डॉक्टरांनी रिमोट परत दिला.

आता सगळ्यांना ते पाहायचे होते. खुर्ची टीव्हीच्या अगदी पुढे, मोतीबिंदूच्या धुक्यातूनही दिसेल इतकी जवळ नेली. इतरांचे डाव भराभर पुढे ढकलले, आणि पडद्यावर नाना गोळा घेऊन डोलत उभे राहिले. आजींनी त्यांच्याकडे पाहिले, हॉलकडे पाहिले, श्वास रोखलेले ते सारे चेहरे पाहिले. त्यांनी अगदी हळुवार, सभ्यपणे हात पुढे नेला. गोळा थोडे अंतर गेला, कडेच्या खोबणीत उतरला आणि दिसेनासा झाला. एकही बाटली हलली नाही.

हॉलमध्ये अशी शांतता पडली, की डॉक्टरांच्या पेनाचे टोपण उघडल्याचे ऐकू आले.

काकू वाकल्या. आजवरचा आपला सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी समोर हरत होता; पुढे वाकायचे काकूंना काही कारण नव्हते.

“ताई, खेळू नका. डोळे मिटा आणि चहा सांगा.”

आजींनी डोळे मिटले. त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली, मग दुसरी. त्या न आलेल्या सगळ्या चहांची, न मिटलेल्या खिडकीची, भिंतीतल्या गलक्याची आठवण करीत असाव्यात. मग हात डोक्यावरून मागे गेला, इतका मागे, की मी माझ्या बोटांचे श्रेय तिथल्या तिथे सोडून दिले, आणि वाऱ्यासारखा पुढे आला.

दहाच्या दहा.

आरोळी उठली तेव्हा आजींनी दचकून डोळे उघडले. ज्या गलक्याविरुद्ध त्या इतके दिवस तक्रार करीत होत्या तो आता त्यांच्या चारी बाजूंनी, हात वर करून, वॉकर आपटीत उभा होता. टेलरमास्तर रडत होते. ते म्हणाले डोळ्यांत कुसळ गेले. आजींनी विचारले, की रोज ओरडत होतात ते तुम्हीच का. आणि सगळे एकदम हो म्हणाले, तेव्हा त्यांनी पदराने तोंड झाकून घेतले, आणि त्यांचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या हे कळायला आम्हाला थोडा वेळ लागला.

डॉक्टरांनी दाराशी उभ्या असलेल्या सेवकांना जायला सांगितले. चाकांची खुर्ची राहू द्या इथेच, असेही म्हणाले. सिस्टरने त्यांना हळूच यादीतल्या दुसऱ्या नावाची आठवण दिली. डॉक्टरांनी साहेबांकडे पाहिले. साहेब त्या वेळी जमलेल्यांना समजावून सांगत होते, की आठ नंबरच्या बाई प्रकरणाशी जोडलेल्या आहेत हे आपण शुक्रवारीच ताडले होते, त्यांना यादीतून वगळणे हा निव्वळ एक डावपेच होता, आणि साहाय्यकाला फरारी व्हायला लावणे हा दुसरा. डॉक्टर म्हणाले, की यांचे जुनेच दिसते, यांना असेच राहू द्या.

त्या संध्याकाळी मी आजींच्या खोलीत बसून खऱ्या बेलची वायर पलंगाच्या मागून सोडवली आणि उशाच्या दांड्याला घट्ट बांधली. दोरी काढून घेऊ नकोस, सवय झाली आहे, असे त्या म्हणाल्या, म्हणून दोरीही बांधली. मग मी वायरचे तुकडे गोळा करीत दाराशी आलो असताना त्यांनी बेल दाबली.

कॉरिडॉरच्या टोकाला घंटा वाजली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पावलांचा. सिस्टर जवळजवळ धावतच आली. तिच्या हातात औषधांचा ट्रे होता आणि चेहऱ्यावर दिवसभराचा अपराधीपणा.

“काय हवंय, आजी?”

आजींनी विचार केला. खिडकी बंद होती. हॉल शांत होता. चहा काकूंनी दोनदा पाजला होता.

“काही नाही गं,” त्या म्हणाल्या. “येतेस का ते बघितलं.”

औषधे वाटायची राहिली होती. पुढच्या तीन खोल्या सिस्टरची वाट पाहत असणार. तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसली.